दोन स्टेशनांचं भाडं

सिंगापूरची मेट्रो, क्लेमेंटी ते बुओना व्हिस्टा. मध्ये एकटं डोव्हर. बसायला जागा मिळाली तरी बसू नये इतका छोटा प्रवास. या दोन स्टेशनांच्या भाड्यात मी खेपेला अर्ध्या डॉलरच्या आसपास वाचवत होतो आणि त्यापायी कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊन ठेपली होती. साल २०१८, वय अठ्ठेचाळीस. बायोपोलिसमधल्या प्रयोगशाळांची यंत्रं सांभाळणाऱ्या एका कंपनीत बरी नोकरी होती. दुपारच्या जेवणानंतरच्या कॉफीवर मी याहून जास्त पैसे उडवत असे.

कार्ड मुलाचं होतं. इथल्या शाळा मुलांना स्मार्टकार्ड देतात. त्यावर नाव आणि फोटो असतो आणि तेच कार्ड गाडीला, बसला विद्यार्थ्याच्या सवलतीने चालतं. मुलगा ओ लेव्हलची परीक्षा देऊन पुण्याला आजीकडे राहायला गेला. कार्ड दाराशेजारच्या वाडग्यात किल्ल्यांबरोबर पडून राहिलं. त्यात थोडे पैसे शिल्लक होते आणि सवलतीची मुदतही संपलेली नव्हती.

पहिल्या दिवशी खरंच चूक झाली. घाईत हाताला लागलं ते कार्ड उचललं, बुओना व्हिस्टाला बाहेर पडताना यंत्रावर कापलेले पैसे दिसले, ते नेहमीपेक्षा कमी होते, तेव्हा लक्षात आलं. ‘खरंच चूक झाली’ हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं. खोटं असतं तर मी ते इतक्या विश्वासाने वापरलं नसतं. दुसऱ्या दिवशी वाडग्यात दोन्ही कार्डं शेजारी शेजारी होती आणि मी बघून, ठरवून, मुलाचं उचललं.

का, याचं उत्तर पैशात नाही. मी डोंबिवलीत वाढलो. आमच्याकडे विदाऊट जाणं हा गुन्ह्यापेक्षा खेळाचा भाग होता. थोरल्या भावाच्या पासावर मी कॉलेजला जाऊन आलोय. पासावरच्या आयकार्डाचा नंबर आणि सही टीसीने बघितली तर काय बोलायचं, हे पुलावर पोचेपर्यंत तोंडपाठ असायचं. टीसीने पकडलंच तर ‘साहेब, आज पहिल्यांदाच’ इथून सुरुवात करायची. मग घरची गरिबी, मग परीक्षा, आणि शेवटी खिशातल्या सुट्ट्या पैशांवर गाडी यायची. कधी सुटलो, कधी पावती फाडली. त्या बोलण्याला आम्ही हुशारी म्हणत होतो. पुढे शिकलो, देश बदलला, गाडीची दारं आपोआप उघडू-मिटू लागली, पण ती हुशारी सामानाबरोबर आलीच. बाहेर पडताना कार्ड टेकवलं की मला अजून जमतं, असं काहीतरी वाटायचं. काय जमतं, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

बुओना व्हिस्टाचं जुनं स्टेशन वर खांबांवर आहे, १९८८ पासूनचं. २०११ मध्ये त्याच्याखाली जमिनीच्या पोटात सर्कल लाइन आली आणि एक साधं स्टेशन गाड्या बदलण्याचं नाकं झालं. संध्याकाळी बायोपोलिस, फ्युजनोपोलिस आणि शिक्षण मंत्रालयाची कचेरी एकदम सुटतात. त्या गर्दीत आपल्याकडे कोण बघतंय, हा माझा हिशेब. पण सवलतीचं कार्ड टेकवलं की दारावर वेगळी खूण उमटते, आणि दाराबाजूला उभ्या असलेल्या माणसाला तेवढंच बघायचं असतं. शाळेचा गणवेश नाही, दाढीत पांढरे केस, आणि दारावर विद्यार्थी.

तपासनीस पंचविशीची मुलगी होती. तिने ‘अंकल’ म्हणून बाजूला बोलावलं, कार्ड मागितलं, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फोटोत मुरुमं असलेला माझा मुलगा होता. मी म्हणालो, चुकून आणलं, आज पहिल्यांदाच. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं, फक्त इंग्रजीत. टीसी या वाक्यावर हसायचा, चिडायचा, निदान काहीतरी बोलायचा. तिने ते लिहून घेतलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं की बोलणं संपलंय आणि जबाब सुरू झालाय. आलं नाही. मी आणखी बोललो, तिने आणखी लिहिलं. कार्ड ठेवून घेतलं, माझ्या वर्क पासचा नंबर उतरवला आणि नोटीस हातात दिली. दंड ५० डॉलर. मुदतीत भरा, नाहीतर आपलं म्हणणं लेखी कळवा.

त्या क्षणी ५० डॉलर भरून टाकले असते तर हा लेख झाला नसता. मी पत्ता आणि ईमेल ऑफिसचा दिला होता, म्हणून नोटीस ऑफिसच्या खणात गेली. बायकोला सांगायचं नव्हतं हे एक, आणि इतकी मोठी रेल्वे कंपनी माझ्या अर्ध्या डॉलरच्या मागे येणार नाही हे दुसरं. मुदत गेली. मग पत्र आलं. दंड भरला नाही तर खटला भरण्यात येईल, आणि दोष सिद्ध झाला तर दंड १,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असं त्यात होतं. भाषा इतकी सभ्य होती की मी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा पोटात गोळा आला. हजार डॉलरचा नव्हे. त्याच महिन्यात आम्ही कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरायला काढला होता आणि त्यात एक प्रश्न असतो: तुम्हाला कुठल्याही न्यायालयाने कधी दोषी ठरवलं आहे का?

तेव्हा मी ते तीन पानी पत्र लिहिलं.

माझ्या प्रबंधाची प्रस्तावनाही मी इतक्या मन लावून लिहिली नव्हती. इतक्या वर्षांचं निष्कलंक वास्तव्य, भरलेले कर, रक्तदान. मग घटनेचं वर्णन. चुकून हा शब्द किती ठिकाणी आला ते मोजलं नाही. पण ‘चुकून’ एवढ्यावर भागेना, कारण मुलाचं कार्ड माझ्या खिशात आलंच कसं हा प्रश्न मलाच पडायला लागला. म्हणून मी एक वाक्य घातलं: ‘माझ्या मुलाने निष्काळजीपणे त्याचं कार्ड माझ्या पाकिटात ठेवलं असावं.’ असावं. ते ‘असावं’ घालताना मला स्वतःच्या सावधपणाचं कौतुकही वाटलं. खोट्याला कुणीतरी माणूस लागतो. सोळा वर्षांचा, पुण्याला असलेला, हे पत्र कधीच न वाचणारा मुलगा हाताशी होता. पत्र ईमेलने पाठवून दिलं आणि निवांत जेवलो.

उत्तर आलं ते पानभरच. वर दोन ओळी आणि खाली तक्ता. त्या कार्डावरचे प्रवास, तारीख, वेळ, कुठे चढलं, कुठे उतरलं. सकाळी क्लेमेंटी, बुओना व्हिस्टा. संध्याकाळी बुओना व्हिस्टा, क्लेमेंटी. शनिवार-रविवार कोरे. मध्ये मी आजारी पडलो होतो, ते दोन दिवसही कोरे. माझी आठवडाभराची हजेरी माझ्या ऑफिसकडेही इतकी व्यवस्थित नसेल. दोन ओळींत एवढंच विचारलं होतं की, तुमच्या निवेदनात काही दुरुस्ती करायची आहे का?

यंत्रांच्या नोंदी वाचणं हाच माझा धंदा. फ्रीझर रात्री उघडा राहिला नव्हता, असं प्रयोगशाळेतला पोरगा शपथेवर सांगायचा आणि मी त्याच्यापुढे तापमानाचा आलेख ठेवायचो. अशी कित्येक पोरं मी गप्प केली आहेत, आणि थोडी मजाही घेतली आहे. आता माझ्यासमोर आलेख होता. दुपारी मी खोकल्याचं निमित्त काढून लवकर घरी गेलो. गाडीचं भाडं पूर्ण भरून.

आमच्याच इमारतीत नागपूरच्या एक वहिनी राहायच्या. तिथे काही वर्षं वकिली करून त्या इथे एका बँकेत कंप्लायन्सला लागल्या होत्या. त्यांना रविवारी सकाळी घिम मोहच्या बाजारात कॉफीला बोलावलं. मिस्टरांनाही आणू का, असं त्यांनी विचारलं, मी नको म्हणालो, तेव्हाच त्यांना काहीतरी शिजतंय हे कळलं असणार. त्यांनी तिन्ही पानं वाचली. मुलाच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हललं नाही.

‘हे पोरानं ठेवलं होतं का पाकिटात?’

‘नाही.’

‘मग असं कसं करून राहिले तुम्ही, भाऊजी?’

याला उत्तर नव्हतं. मी म्हणालो, पण पहिल्या दिवशी खरंच चुकून झालं होतं. त्या म्हणाल्या, तेवढंच खरं आहे म्हणून त्याच्या आड बाकीचं सगळं बसवलं तुम्ही. मग त्या कोर्टातल्यासारख्या सरळ बसल्या. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. १३८, म्हणजे तिकीट नाही, भाडं आणि वर किमान अडीचशे रुपये भरा आणि जा. १३७, म्हणजे रेल्वेला फसवायच्या हेतूने प्रवास केला. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. माणूस तोच, डबा तोच, फरक हेतूचा. ‘इथली दंडसंहिताही आपल्या १८६० च्या संहितेवरूनच बेतलेली आहे. हेतू इथेही बघतात. आणि तुमच्या दंडाच्या नोटिशीत हेतूबद्दल काही नव्हतं, भाऊजी. हेतू तुम्ही लिहून दिला. तीन पानं.’

मी आजवर टीसीशी बोलत आलो, आणि टीसीला गोष्ट हवी असते. गोष्ट चांगली असली तर त्यालाही सोडायला बरं पडतं. या लोकांना गोष्ट नको होती. त्यांना ५० डॉलर हवे होते, आणि त्यांच्या तक्त्याशी जुळणारं एखादं वाक्य.

वहिनींनी लंडनची हकीगत सांगितली. त्यांच्या खात्यात ती नव्या माणसांना सांगतातच. ब्लॅकरॉकचा एक बडा अधिकारी ससेक्समधल्या स्टोनगेट या फाटक नसलेल्या स्टेशनवरून रोज गाडी पकडायचा आणि कॅनन स्ट्रीटला कार्ड टेकवून शहरापुरतं भाडं भरायचा. पकडल्यावर त्याने सुमारे ४३,००० पौंड भरून रेल्वेशी मिटवलं, खटला झालाच नाही. तरी २०१४ च्या डिसेंबरात तिथल्या वित्तीय नियामकाने त्याला त्या क्षेत्रात काम करायलाच बंदी केली. मी विचारलं, पैसे भरल्यावरही? त्या म्हणाल्या, पैशाचा प्रश्न कुठे होता.

धमकीचं प्रत्येक पत्र बरोबरच असतं असं नाही, हेही सांगायला हवं. त्याच इंग्लंडात २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मुख्य दंडाधिकाऱ्यांनी भाडेचुकवेगिरीचे सुमारे ७४,००० खटले रद्दबातल ठरवले, कारण रेल्वे कंपन्यांनी त्यांना लागूच नसलेली झटपट पद्धत वापरली होती. ती बातमी वाचताना क्षणभर मला आपल्या तीन पानांचा अभिमान वाटायला लागला होता. पण माझ्या पत्रात आक्षेप कसलाच नव्हता. कार्यपद्धतीबद्दल एक अक्षर नाही, फक्त रक्तदान.

नवं पत्र वहिनींसमोरच लिहिलं. कार्ड मुलाचं आहे, ते मी जाणूनबुजून वापरलं, मुलाला याची कल्पना नव्हती, आधीच्या पत्रातला त्याच्याबद्दलचा मजकूर खोटा होता आणि तो मी मागे घेतो. दंड आणि बुडवलेलं भाडं भरायला तयार आहे. संपलं. मी खाली ‘तथापि’ लिहायला घेतलं तर त्यांनी पेन काढून घेतलं. एवढ्या ओळींना तीन पानांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण ‘जाणूनबुजून’ पाशी मी दोनदा उठून कॉफी आणायला गेलो.

पैसे भरून घेऊन कंपनीने प्रकरण बंद केलं. तसं कळवणारं पत्र आलं तेही सभ्य. त्यांनी मुलाबद्दल एक शब्द काढला नाही, याचं मला जास्त लागलं. कायमच्या वास्तव्याचा अर्ज मी त्या वर्षी भरलाच नाही. भरता आला असता, कारण दोषी ठरलो नव्हतो. पण त्या प्रश्नापुढे ‘नाही’ असं लिहायला हात धजेना. बायकोला सांगितलं, कागदपत्रं अपुरी आहेत. म्हणजे पुन्हा एक.

वहिनींची एक अट होती, मुलाला सांगायची. पुण्याला फोन लावला, इकडचं तिकडचं बोललो आणि मग ते वाक्य त्याला इंग्रजीत वाचून दाखवलं. भाषांतर केलं असतं तर मी ते सौम्य केलं असतं, हे मला आता माहीत होतं. पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

‘बाबा, तू खरंच असं लिहिलंस?’

‘हो.’

‘किती वाचले?’

मी आकडा सांगितला. तो हसला नाही.

‘आईला माहितीये?’

‘नाही.’

‘मग मला का सांगतोयस आधी? तिला सांग.’ क्लासची वेळ झाली म्हणून त्याने फोन ठेवला. पुढचे काही आठवडे तो आईशीच बोलत होता.

बायकोला त्याच रात्री सांगितलं. तिला ओरडायला वाव मिळावा म्हणून मी जरा जास्तच वाईट करून सांगितलं, ही आणखी एक हुशारी. ती ओरडली नाही. ते पत्र दाखव म्हणाली. ती शाळेत इंग्रजी शिकवते. तिन्ही पानं तिने जेवणाच्या टेबलावर सावकाश वाचली, मुलाच्या वाक्याशी थांबली, पुढे गेली, शेवटपर्यंत गेली. मग लाल पेन मागितलं आणि तिसऱ्या पानावरच्या दोन स्पेलिंगांना गोल केले.