गाडीखालचा आवाज

दादाची पिकअप उभी असली की गप्प असायची. ॲक्सिलेटर दाबला की खालून खडखड सुरू. रिकामी असली की कमी, भरली की जास्त. फुलंब्रीकडून गोबीची पोती भरून पहाटे चौक्याचा घाट चढताना तर असा आवाज की वाटावं, आता काहीतरी तुटून रस्त्यावर पडतंय.

आमच्या घरात आलेलं हे पहिलं चारचाकी. नंबराची पाटी एमएच २०, मागच्या फाळक्यावर निळ्या रंगात जय भीम, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला फायनान्सचा हप्ता. जाधववाडीच्या मार्केटात माल वेळेवर पोचला तर भाडं. नाही पोचला तर शेतकरी दुसरी गाडी लावतो. म्हणून तो आवाज नुसता आवाज नव्हता. माय रात्री उठून बसायची आणि विचारायची, "आज वाजली का रे?" जसं आजारी लेकराला विचारतात, आज ताप आला का.

दादा गाडी मिस्तरीकडे घेऊन गेला. मी रातपाळी करून आलो होतो, तसाच सोबत गेलो. मिस्तरीनं गाडी एक चक्कर मारून आणली. खाली वाकला नाही. बोनेट उघडलं नाही. हात पुसत म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागंल. बावीस हजार धरून चाला." दादानं भीतभीत विचारलं, "आधी खालून बघितलं तर?" तेव्हा तो आमच्या फाळक्याकडे बघून हसला. म्हणाला, "तुमच्या लोकांचं असंच असतंय. गाडी घेता येती, सांभाळता येत नाही."

दादा काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मिस्तरीच्या हातात पाना होता, आमच्या हातात फक्त किल्ली.

त्या रात्री मी कविता लिहिली. तिच्यात गाडीचा आवाज हा पिढ्यान् पिढ्यांचा आवाज होता. साखळ्यांचा होता. येणाऱ्या उठावाचा होता. चाळीस ओळी एका दमात आल्या. सकाळी दादाला वाचून दाखवली. त्यानं चहा पीत शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "चांगली हाय. पण आवाज कुठून यायलाय?"

मित्रांनो, मला एवढी लाज मिस्तरीच्या बोलण्यानं वाटली नव्हती.

कारण आवाज ऐकणं हा माझा धंदा आहे. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर साईड सांभाळतो. शेकडो चात्या एकदम फिरतात. नवख्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. पण दोन-तीन महिने गेले की त्या गोंगाटातून एक वेगळी चाती कानाला टोचायला लागते. आमच्या जॉबरनं मला शिकवलं होतं – लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक बेअरिंगच्या घरावर टेकव, मूठ कानाला लाव. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं, खराब झालेलं खरखरतं. आणि आणखी एक शिकवलं होतं : एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या आणि आवाज गेला, तर कशानं गेला ते तुला कधीच कळणार नाही.

हे सगळं मला येत होतं. तरी गिरणीच्या गेटबाहेर आलो की मी ते ज्ञान डब्यासारखं पिशवीत घालून ठेवायचो आणि कवी व्हायचो.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं भाऊ बसलो. मी वहीवर तीन प्रश्न लिहिले.

पहिला : आवाज इंजिन फिरण्यानं येतो का? गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून दादानं रेस केली. कमी, जास्त, पुन्हा कमी. आवाज नाही. सायलेन्सरवरचा पत्रा किंवा एखादी पट्टी ढिली असती तर इंजिनच्या थरथरीनं उभ्या गाडीतही कुठंतरी वाजली असती. तो संशय मागे पडला.

दुसरा : आवाज चाकं फिरण्यानं येतो का? सावंगीच्या पुढं मोकळा रस्ता बघून गाडी चाळीसवर नेली. खडखड चालू. दादानं क्लच दाबला. गाडी तशीच पळतेय, चाकं तशीच फिरतायत, पण आवाज खटकन बंद. म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही, ब्रेक नाही. क्लच सोडून पुन्हा ॲक्सिलेटर दिला, आवाज हजर. म्हणजे दुखणं फिरण्यात नाही, ओढण्यात आहे. जोर पडला की वाजतं.

ओढ घेणाऱ्या वस्तू थोड्याच. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस, आणि जिच्या आधारावर इंजिन बसलेलं असतं ती रबराची माउंटिंग. गाडी घरी आणली, चारी चाकांना दगड लावले, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. मी खाली सरकलो आणि शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघितला. क्रॉस झिजला असता तर सांध्यात मोकळं हललं असतं, बेअरिंगच्या टोपणांभोवती तांबडी भुकटी दिसली असती. सांधे घट्ट होते, भुकटी नव्हती.

तिसरा प्रश्न उरला : चाक न फिरवता नुसता जोर दिला तर? दगड तसेच ठेवले, हँडब्रेक ओढला, दादानं पायाचा ब्रेकही दाबून धरला. बोनेट उघडं. मी गाडीच्या पुढं नाही, बाजूला उभा. हे ध्यानात ठेवा – अशा वेळी गाडीच्या पुढं कुणीही उभं राहायचं नाही, दगड असले तरी नाही. दादानं पहिला गिअर टाकून क्लच जरासा, फक्त जरासा सोडला. गाडी जागची हलली नाही. पण इंजिन क्लीनरच्या बाजूनं उचललं गेलं, झोपलेल्या माणसानं खांदा उचलावा तसं. आणि खालून आवाज आला. खड.

तोच. तोच तो आवाज.

इंजिन बंद केलं, पाइप गार होऊ दिला. मग पोतं अंथरून, बॅटरी घेऊन खाली गेलो. क्लीनरच्या बाजूच्या माउंटिंगचं रबर फुगून आपल्या पत्र्यापासून सुटलं होतं. जोर आला की इंजिन त्या बाजूनं उठायचं आणि त्याच्यासोबत सायलेन्सरकडे जाणारा पाइप चेसिसच्या आडव्या पट्टीवर आपटायचा. पाइपावर रुपयाएवढी जागा घासून चकचकीत झाली होती. पट्टीवर तिच्यासमोरच तशीच दुसरी. दोन्ही खुणा अशा जुळत होत्या की तिथं कुणाच्या मताची गरजच नव्हती.

रबर का गेलं? वर बघितलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं आणि तेल थेंबाथेंबानं रबरावर पडत होतं. तेलानं असलं रबर फुगतं, मऊ होतं, सुटतं. नुसतं रबर बदललं असतं तर काही महिन्यांनी पुन्हा तेच.

दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि पॅकिंग मिळून दोन हजाराच्या आत काम झालं. बसवून घेतलं दुसऱ्या एका मिस्तरीकडून, कारण इंजिनला खालून आधार देऊन उचलायचं काम आम्हाला येत नव्हतं. जे येत नाही ते येत नाही म्हणण्यात काही कमीपणा नाही. त्यानं आम्हाला शेजारी उभं करून प्रत्येक बोल्ट दाखवला. तोही कुठल्या कॉलेजात गेलेला नव्हता. उस्तादाच्या चापट्या खाऊन शिकलेला.

हे सगळं आटोपल्यावर मला १९२९ सालचं चाळीसगाव आठवलं. आमच्या जिल्ह्यातून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव. बाबासाहेब तिथं उतरले तेव्हा स्टेशनवरचे टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण तो हाकायला टांगेवाला आला नाही. मग आपल्यातलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, पायाचं हाड मोडलं.

आपण ही गोष्ट टांगेवाल्यांच्या नकाराची म्हणून सांगतो. बरोबरच आहे, ती तशीच सांगायला पाहिजे. पण मला आता तो लगाम धरलेला माणूस दिसत राहतो. टांगा भाड्यानं मिळाला, पण हाकायची विद्या भाड्यानं मिळाली नाही. वस्तूची किंमत मोजता येते. तिची विद्या मात्र दुसऱ्यानं आपल्यापाशी ठेवलेली असते, आणि ती मागितली की तो आपल्या फाळक्याकडे बघून हसतो.

आपल्या बैठकीत आपण फार लवकर निदान करतो. नळाला पाणी नाही – व्यवस्था. शिष्यवृत्ती अडली – व्यवस्था. खोटं नाही ते. पण कुठल्या टेबलावर, कुठल्या कागदावर, कुठल्या तारखेपासून अडली, हे बघायला किती जण खाली वाकतो? मी वाकलो नव्हतो. मी चाळीस ओळी लिहिल्या होत्या. "व्यवस्था" म्हणणं आणि "गिअरबॉक्स" म्हणणं, दोन्ही उभ्यानंच म्हणता येतं.

ती कविता मी फाडली नाही. वहीत ठेवलीय. तिच्या शेजारच्या पानावर ते तीन प्रश्न आहेत. सध्या मला ते पान जास्त आवडतं.

मागच्या आठवड्यात दादासोबत पहाटे गेलो होतो. भरलेली गाडी चौक्याचा घाट चढली. खालून काही वाजलं नाही. वर आल्यावर मागच्या बाजूनं बारीक टकटक सुरू झाली. मी कान दिला, काहीतरी बोलणार होतो. दादानं आधीच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकाला दगड लावला, सीटखालची बॅटरी काढली आणि मला न विचारता खाली वाकला.