खोटीचा व्यापार

आमच्या बाबांचे मंगरूळपीरला किराण्याचे दुकान होते. दिवाळीत ते साखर खरेदीपेक्षा स्वस्त विकीत. गिऱ्हाईक साखरेला येईल आणि रवा, बेसन, तेलही इथूनच नेईल, असा हिशेब. गिऱ्हाईक साखर नेई आणि बेसन समोरच्याकडून घेई! तीन दिवाळ्यांत दुकानाला कुलूप लागले.

परवा चिरंजिवांच्या हट्टापायी टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र आणले. 'कन्सोल' म्हणतात त्याला. यंत्र एकवेळ परवडले. पण त्याच्या एकेका खेळाची किंमत ऐकून मला घाम फुटला. म्हणून या धंद्याची जरा माहिती काढली, तर काय! २००६ साली सोनीने 'प्लेस्टेशन ३' अमेरिकेत ५९९ डॉलरला विकले. आयसप्लाय या संस्थेने त्याचा उत्पादनखर्च काढला सुमारे ८४० डॉलर! मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनी तर २०२१ मध्ये कोर्टात सांगितले, की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीला कधीच नफा झाला नाही. (निन्टेंडोचे साधेसे 'वी' मात्र यंत्रावरही पैसे मिळवी. तो खरा वाणी!) बाकीच्यांची कमाई पुढे. खेळ कुणीही बनवो, प्रत्येक विक्रीत यंत्रवाल्याचा वाटा. त्यांच्या ऑनलाइन दुकानात तो साधारण ३० टक्के. आणि एकाच्या यंत्रासाठी केलेला खेळ दुसऱ्याच्यात चालत नाही. गिऱ्हाईक जाते कुठे?

हे मी बाबांना मोठ्या उत्साहाने समजावले. ते बराच वेळ त्या काळ्या डब्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले,

"मंग आपल्या साखरेले कुलूप कसं लावाचं होतं, सांग बरं?"