प्रकाशाच्या वळणाचा हिशेब

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस निवळून, गाळून नळीत भरतात आणि तीतून ध्रुवित प्रकाश सोडतात. एकाच प्रतलात कंप पावणारा हा प्रकाश बाहेर पडताना त्याचे प्रतल थोडे फिरलेले असते. किती अंश फिरले यावरून रसाचा ‘पोल’ ठरतो, आणि बोलताना आपण त्यालाच रसातली साखर म्हणतो. माझे म्हणणे असे, की हा आकडा साखरेचे वजन नव्हे. नळीतल्या प्रत्येक पदार्थाने प्रकाशाला दिलेल्या वळणांची ती बेरीज-वजाबाकी आहे. या पद्धतीचे बळ त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.

आधी बळाविषयी. क्वार्ट्झचा स्फटिक प्रकाशाचे प्रतल फिरवतो, पण तो वितळवला की हा गुण जातो. म्हणजे तो स्फटिकातल्या मांडणीचा होता. बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1815 साली टर्पेंटाइनसारख्या द्रवातही तो सापडला. द्रवात कसली आली मांडणी? तेव्हा गुण रेणूचाच असणार. 1848 साली पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असणारे स्फटिक हाताने वेगळे केले. त्यांच्या द्रावणांनी प्रकाश सारखाच फिरवला, पण विरुद्ध दिशांना. दोन्हींचे घटक तेच, प्रमाणही तेच. तराजूला हा भेद कधीच दिसला नसता. साखरेच्या बाबतीत तर ही बेरीज-वजाबाकी फारच बोलकी आहे. उसाच्या साखरेचे विशिष्ट वलन, म्हणजे ठरावीक परिस्थितीत प्रतल फिरवण्याचे माप, उजवीकडे सुमारे 66.5 अंश. आम्लाने तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले, की ग्लुकोजचे उजवीकडचे 52.7 आणि फ्रुक्टोजचे डावीकडचे सुमारे 92 मिळून मिश्रण डावीकडे झुकते. विल्हेल्मी या शास्त्रज्ञाने 1850 साली हेच बदलते वलन टिपत रासायनिक क्रियेचा वेग मोजला, तोही द्रावणाला हात न लावता.

आता धोका. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला, की त्यात जिवाणू वाढतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. डेक्स्ट्रानचे वलन साखरेच्या जवळपास तिप्पट, तेही उजवीकडेच. त्यामुळे शिळ्या उसाचा पोल प्रत्यक्ष साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो. मग प्रत्येक साखर वेगळी काढून मोजणारी क्रोमॅटोग्राफीची यंत्रे असताना ही जुनी पद्धत कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे आणि वादाच्या नमुन्याला तीच यंत्रे हवीत. पण गाळप रात्रंदिवस चालते. तिथे झटपट, स्वस्तात आणि वारंवार घेता येणारे मापच रोजच्या कामाला येते. शिवाय चूक यंत्राची नाही. त्याने वळणांची बेरीज अचूक सांगितली; तिला निखळ साखर मानले ते आपण. महाराष्ट्रात उसाचा दर साखर उताऱ्याशी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाशी, बांधलेला आहे. म्हणून पोलचा आकडा लिहिताना ऊस तोडल्याला किती तास झाले, हेही त्याच्या शेजारी लिहिले पाहिजे, आणि ते विचारण्याचा हक्क ऊसउत्पादकाने सोडू नये.