बिननंबरची जीप

रस्त्यावर न धावणाऱ्या गाडीतून बंदूक नेली तर कायदा लागतो का, या प्रश्नाला मी एकदा ठणकावून 'नाही' असं उत्तर दिलं होतं. विचारणारा भोळा होता असं म्हणून मला सुटता येत नाही. तो चांगला हुशार होता. म्हणून तर जीप काढायच्या आधी वकिलाकडे आला होता.

अंधारी अभयारण्याच्या कडेला धान पिकवणारा शेतकरी. काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. गावाचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं अजून तिथंच राहतात. घरी एकनळी बारा बोअर, परवाना वेळच्या वेळी नूतनीकरण केलेला. आणि लिलावात घेतलेली एक जुनी जीप. तिला नंबर नाही, विमा नाही, टपही नाही. धानाचे भारे ओढायचे, पांदणीने घरी यायचं, एवढंच तिचं काम. डांबरी रस्ता तिने पाहिलेला नव्हता. त्याच्या काही बांध्या रानाच्या पलीकडच्या अंगाला होत्या. धान निसवलं की रात्री रानडुकरं उतरायची. जागलीला जाताना बंदूक जीपमध्ये ठेवली तर, "कोनी धरन का जी, वकीलसाहेब?"

या प्रश्नाच्या थोडं आधी मी एक केस जिंकलो होतो, आणि खरं दुखणं तिथं होतं. कोळसा खाणीतल्या एका कंत्राटदाराच्या डंपरांवर कराची मागणी आली होती. सर्वोच्च न्यायालयाचा 1974 चा बोलानी ओअर्सचा निकाल मी पुढे केला. खाणीच्या आवारातच फिरणारा डंपर रस्ता वापरत नाही, मग त्याच्यावर कर कसला, हा त्याचा गाभा. मागणी मागे गेली. बार रूममध्ये चहा माझ्या नावावर झाला आणि पुढचे काही महिने मला जिकडेतिकडे डंपरच दिसत होते. या शेतकऱ्याची जीप मला डंपरच वाटली. रस्त्यावर जात नाही म्हणजे वाहन नाही. वाहन नाही तर वाहनातून बंदूक नेल्याचा प्रश्न येतोच कुठे? शिवाय परवाना आहे. जा बिनधास्त.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 माझ्या कपाटात होता. मी तो उघडला नाही.

धान निसवायच्या दिवसांत एका रात्री नाल्याजवळ गार्ड आणि राऊंड ऑफिसरनी जीप अडवली. सीटखाली पोत्यात गुंडाळलेली बंदूक निघाली, खिशात छर्ऱ्याची काडतुसं. त्याने काहीही मारलेलं नव्हतं. पंचनामा झाला, पीओआर फाडला, जीप रेंज ऑफिसच्या आवारात गेली. सकाळी तो माझ्या दारात उभा होता, आणि रागावलेला नव्हता. माझं म्हणणं बरोबर आहे आणि वनखात्याची काहीतरी गफलत झाली आहे, अशीच त्याची समजूत होती. माझीही.

कायदा त्या दिवशी वाचला. कलम 31 दोन ओळींचं आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची आगाऊ लेखी परवानगी असल्याशिवाय कोणीही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही. त्यात गाडी हा शब्दच नाही. माणूस पायी गेला काय, बैलगाडीतून गेला काय, सारखंच. मी ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं तो प्रश्न कायद्याने कधी विचारलाच नव्हता. कायदा जमीन कुठली आणि हातात काय, एवढंच विचारत होता. हत्याराच्या व्याख्येत तर चाकू, जाळी आणि फासेही आहेत. शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याचा होता. अभयारण्यात नेण्याची परवानगी ही वेगळी गोष्ट, आणि ती कोणी मागितलीच नव्हती. मागायला सांगायचं काम माझं होतं.

इथपर्यंतची चूक निस्तरता आली असती. कलम 54 खाली तडजोड होऊ शकते. तेव्हा तडजोडीच्या रकमेची कमाल मर्यादा दोन हजार रुपये होती, आणि रक्कम भरली की जप्त माल सुटण्याची वाटही त्याच कलमात होती. अधिकारी समंजस होते. शिकारीचं कलम लावत नाही, म्हणाले. प्रवेश आणि हत्यार एवढ्यावर तडजोडीचा अर्ज द्या, विषय संपवू. पक्षकाराने माझ्याकडे पाहिलं.

तो क्षण मला अजून स्वच्छ आठवतो. मनात आकडा दोन हजारांचा नव्हता, छापून येणाऱ्या निकालाचा होता. रस्त्यावर न जाणारी गाडी वन्यजीव कायद्यात 'वाहन' ठरत नाही, म्हणून ती जप्तच होऊ शकत नाही, असा मुद्दा विदर्भात कोणी घेतलेला माझ्या ऐकण्यात नव्हता. मी म्हणालो, "आपण लढू." त्याने मान डोलावली. दोन हजार रुपये म्हणजे त्याच्यासाठीही लहान रक्कम नव्हती. पण तो ती देणार नाही, हे मी ठरवलं होतं.

सुनावणीत माझं भाषण उत्तम झालं. डंपर, खाण, रस्ता, मोटार वाहन कायदा, सगळं क्रमाने आलं. सरकारी वकिलांनी उठून फक्त कलम 2 मधली वाहनाची व्याख्या वाचली. जमिनीवर, पाण्यावर किंवा हवेत ये-जा करायला वापरलेलं कोणतंही साधन, आणि त्यात रेडा, वळू, बैल, उंट, गाढव, हत्ती, घोडा आणि खेचर येतात. मग ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, विद्वान वकीलसाहेबांच्या मते यांची जीप गाढवाच्याही खालची आहे काय? मागच्या बाकावर हशा झाला. न्यायाधीशांनी हसू दाबलं, तेही मला दिसेल असं.

निकाल विरुद्ध गेला. दंड झाला, जीप आणि बंदूक सरकारजमा झाली. दोषी ठरलेल्या माणसाचा शस्त्र परवाना रद्द करून पाच वर्षं नवा मिळू नये असा आदेश देण्याची तरतूद कलम 51 मध्ये आहे. ती वापरली गेली. त्यातच आणखी एक गोष्ट उघडी पडली. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत नाव नोंदवण्यासाठी अर्ज करायचा असतो, असं कलम 34 सांगतं. अंधारी 1986 साली जाहीर झालं होतं. अर्ज केला नव्हता. हेही मी पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं.

पुढच्या हंगामात रानडुकरांनी त्याच्या बांध्या नांगरल्यासारख्या उलथून टाकल्या. तो मचाणावर बसून रात्रभर डबे वाजवायचा. फी परत करायला गेलो तर घेतली नाही. "तुमी तं भांडले ना जी," म्हणाला. त्याने शिवी दिली असती तर मी लवकर सावरलो असतो.

त्यानंतर मी शहाणा झालो, असं सांगायला आवडेल. झालो ते अर्धवट. गडचिरोलीकडून एकजण आला. भरमार बंदूक सायकलच्या दांड्याला बांधून नेली तर चालेल का, विचारत होता. मी सायकलवरून अभयारण्यावर गेलो, चपराळ्याची हद्द, भामरागडची हद्द, सगळं समजावलं. तो उठायला लागला तेव्हा कुठे सुचलं, परवाना आहे का? परवाना नव्हता. गावठी भरमारही आर्म्स अ‍ॅक्टमध्ये बंदूकच असते. ती घरात भिंतीला टांगलेली असली तरी गुन्हा. पोलिसांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन त्या भागातल्या अनेक गावांनी अशा बंदुका जमा केल्या आहेत. त्यालाही तेच सांगितलं. सायकल राहिली बाजूला.

अमेरिकेत असलेला भाचा सांगतो, तिकडे मिशिगनमध्ये रानात चालवायच्या गाड्यांवर बंदूक न्यायची तर ती साधारणपणे रिकामी आणि खोळीत बंद हवी, असा स्पष्ट नियम आहे. तिथं माझं जुनं भाषण निदान योग्य प्रश्नावर झालं असतं.

इकडे मात्र हद्दच सरकत राहते. 2018 मध्ये नागभीडकडे घोडाझरी अभयारण्य झालं, नंतर कन्हारगाव झालं. आधी साध्या जंगलाशेजारी राहणारी माणसं घर न हलवता दहा किलोमीटरच्या आत आली. ऑफिसच्या भिंतीवर मी नकाशा लावला आहे. कोणी बंदुकीचा विषय काढला की आधी गाव विचारतो.

हल्लीच एक तरुण आला. ताडोबाच्या बाजूला रिसॉर्टची जागा घेतलेली, पाहुण्यांसाठी जाड टायरच्या दोन एटीव्ही. गाडीला नंबर लागत नाही, आणि सोबत ठेवायची ती एअरगन .177 बोअरची, वीस ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना लागत नाही. दोन्ही बाजूंनी सुटलो, असं त्याला वाटत होतं. मी नकाशावर त्याची जागा शोधली, तिथून आतली हद्द दाखवली, कलम 31 वाचून दाखवलं. हत्यार म्हणजे प्राण्याला इजा करू शकणारं काहीही, हेही सांगितलं. एअरगन घरी ठेवा.

तो जरा नाराज झाला. दुसरे वकील तर म्हणाले चालतं, तो म्हणाला. त्यांची फी माझ्यापेक्षा जास्त होती.