गव्हावर ज्वारी नको

मुलीला सीलिॲक असल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी गहू, जव, रवा, मैदा सगळं बंद केलं. आमचं घर भाकरीचं, त्यामुळे मी तशी निर्धास्त होते. अडलं ते दळणाचा डबा भरताना. गिरणीत एकाच जात्यावर सगळ्या गल्लीचं दळण होतं. 'गव्हावरच टाका हो, ज्वारीवर नको,' असं आम्ही बायकाच गिरणीवाल्याला वर्षानुवर्षं बजावत आलो, पोळ्या बिघडू नयेत म्हणून. आता नेमकं उलटं सांगायची वेळ आली. तो तयारही होता. पण जात्यात अडकलेला, हवेत उडणारा गहू कुठे जाणार? या आजारात तेवढाही चालत नाही. घरघंटी ठेवायला आमच्या स्वयंपाकघरात जागा नाही. राहिला मिक्सर.

मिक्सर नेहमीचाच, साडेसातशे वॅटचा. भांडं मात्र नवं घेतलं, झाकणाच्या रबरासकट. ज्वारी आधी ताटात घेऊन निवडायची, कारण दुकानच्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. आईनंतर आमच्याकडे निवडणं जवळजवळ बंदच झालं होतं.

मिक्सर दळत नाही, फोडतो. दगडांच्या मध्ये दाणा रगडला जातो, पात्यावर तो नुसता आपटतो. त्यामुळे एका फेरीत थोडं पीठ, थोडा रवा आणि काही अर्धवट दाणे, असं सगळंच निघतं. भांडं अर्ध्याहून कमी भरायचं, जरा फिरवायचं, थांबायचं, हलवून परत फिरवायचं. सलग चालवलं तर पीठ तापतं, मोटरला वास येतो आणि खालचं लाल बटण उडून मिक्सर बंद पडतो. गार झाल्यावर बटण आत दाबलं की पुन्हा सुरू. मग मैद्याच्या चाळणीनं चाळायचं, वर राहील ते पुढच्या मुठीबरोबर परत भांड्यात. तांदूळ गुणी. नाचणी सगळ्यात द्वाड. दाणा इतका बारीक की पात्याला सापडत नाही. किंचित भाजून घेतली तर ऐकते.

भाकरी गिरणीच्या पिठासारखी होते का? नाही. कडा चिरतात. उकळत्या पाण्यात पीठ भिजवून, झाकून ठेवून मग भरपूर मळलं तर बरीच सुधारते. पण गिरणीच्या पाच किलोंतलं शेवटचं पीठ विरी जायचं, बाजरीचं तर कडवट व्हायचं, ते आता होत नाही. लागेल तेवढंच दळते. आणि चाळणीत उरलेल्या कण्या शिजवून ताकाबरोबर खायला घरातले सगळेच येऊन बसतात, गहू चालणारेसुद्धा.

पुढच्या वर्षी मुलगी पुण्याला शिकायला जाईल. खोलीवर मिक्सर चालेल का, हे तिनं घरमालकीणबाईंना आधीच विचारून घेतलंय. चालेल म्हणाल्या, फक्त सकाळी आठच्या आधी लावायचा नाही.