स्ट्रासबर्ग ते सोपारा : एका ताटाची गोष्ट

2024 च्या सप्टेंबरअखेर आम्ही दोघी आत्ते-मामे बहिणी सोपाऱ्याहून निघून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात राहायला गेलो. घरातली सर्वांत वडील बाई आमच्यापैकी एकीची दादी आणि दुसरीची नानी. या लेखात तिला दादीच म्हणू. निघताना तिने दोघींच्या दंडाला इमाम जामिन बांधला आणि विचारले, "तिथे जाऊन तुम्ही नेमके करणार काय?" तेव्हा तिला नीट सांगता आले नाही. आता सांगतो.

फ्रान्सचे सरकार दरवर्षी निरनिराळ्या देशांतून तरुण मुलामुलींना भाषा सहायक म्हणून बोलावते. भारतातूनही फ्रेंच शिकलेल्यांना अर्ज करता येतो. आम्ही दोघी पुण्यात फ्रेंच शिकलो आणि तिथूनच अर्ज केला. काम 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल असे सात महिने, आठवड्याला 12 तास. इंग्रजीच्या शिक्षकांसोबत वर्गात बसायचे आणि मुलांना इंग्रजी बोलते करायचे. हातात महिन्याला साधारण 800 युरो येतात. त्यात दोघींनी एक खोली घेतली, डाळ-तांदूळ भारतीय दुकानातून आणला, आणि किराणा स्वस्त पडतो म्हणून ट्रामने ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावी जाऊ लागलो. सकाळी फ्रान्स, दुपारी जर्मनी, संध्याकाळी पुन्हा फ्रान्स! पहिल्यांदा गेलो तेव्हा अब्बांना फोन करून सांगितले, तर त्यांनी विचारले, "आणि पासपोर्ट?" पासपोर्ट कोणी पाहिलाच नव्हता.

आमच्यापैकी एक स्कार्फ घालते, दुसरी घालत नाही. वाचक भगिनींच्या मनात प्रश्न येणारच, म्हणून लिहितो. फ्रान्समध्ये 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांत भरेल असे धर्मचिन्ह वापरता येत नाही, आणि शाळेत काम करणाऱ्यांवर तर त्याहून कडक बंधन आहे. आम्हाला हे आधीच ठाऊक होते. स्कार्फ घालणारी बहीण रोज फाटकापाशी स्कार्फ काढून पिशवीत ठेवायची आणि बाहेर पडताना पुन्हा बांधायची. पहिला आठवडा ती घरी आल्यावर फारसे बोललीच नाही. सहकारी शिक्षिका प्रेमळ होत्या, कोणी एका शब्दाने दुखावले नाही. तरी ते जड गेले. त्याबद्दल आमच्या दोघींचे मत आजही एक नाही. एकीला वाटते, नियम माहीत असून आलो तर तक्रार कसली. दुसरीला वाटते, नियम पाळला म्हणून तो पटला असे होत नाही.

गंमत अशी की याच प्रदेशात सरकारी शाळांमध्ये धर्माचा तास असतो. धर्म आणि सरकार वेगळे करणारा कायदा फ्रान्समध्ये 1905 साली झाला, त्या वेळी अल्सास जर्मनीकडे होता. नंतर तो फ्रान्सला परत मिळाला, पण जुनी व्यवस्था तशीच राहिली. म्हणून येथे 26 डिसेंबर आणि गुड फ्रायडे या सुट्ट्याही जास्तीच्या मिळतात. येथल्या म्हाताऱ्या माणसांची अल्साशी बोली फ्रेंचपेक्षा जर्मनला जवळची आहे. शाळेत ती बोलल्याबद्दल लहानपणी शिक्षा व्हायची, असे आमच्या घरमालकीण आजी सांगत. आज त्यांच्या नातवंडांना ती येत नाही. हे ऐकताना आम्हाला आमची कोकणी बोली आठवायची. पुण्यात वसतिगृहात ती बोललो की मुली हसायच्या, म्हणून आम्ही दोघी एकमेकींशीही प्रमाण मराठीत बोलू लागलो होतो. स्ट्रासबर्गला हसणारे कोणी नव्हते. तिथे ट्राममध्ये आम्ही पुन्हा मोकळेपणी कोकणी बोलू लागलो.

नोव्हेंबरच्या शेवटी शहराचा नूर बदलला. स्ट्रासबर्ग स्वतःला नाताळची राजधानी म्हणवते. येथला नाताळबाजार 1570 पासून भरतो. क्लेबेर चौकात सुमारे 30 मीटर उंचीचे झाड उभे राहते, आणि कॅथेड्रलच्या 142 मीटर उंच मनोऱ्याखाली लाकडी दुकानांच्या रांगा लागतात. नाताळच्या झाडाचा एक फार जुना लेखी उल्लेखही याच भागातला, सेलेस्ता गावच्या 1521 सालच्या हिशेबवहीतला. सगळीकडे दालचिनीचा आणि बडीशेपेचा वास. लोक गरम दारू पितात, आम्ही गरम सफरचंदाचा रस घ्यायचो. संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळायचा. असर पढून चहा ठेवावा तोवर मगरिबची वेळ. त्या लांबलचक अंधारात ते दिवे बरे वाटायचे, हे खरे सांगायला हवे.

बाजाराकडे जाणाऱ्या पुलांवर पोलिस पिशव्या तपासत. 2018 च्या डिसेंबरमध्ये याच बाजाराच्या परिसरात एका अतिरेक्याने गोळीबार केला, पाच माणसे गेली. गेलेल्यांत अफगाणिस्तानातून येऊन येथे स्थायिक झालेला एक मुसलमानही होता. पिशवी उघडून दाखवताना आमच्या मनात दर वेळी हे यायचे. एकदा पिशवीत घडी केलेला स्कार्फ सापडला. पोलिसाने तो तसाच ठेवला आणि "बॉन सोआरे" म्हणाला. शुभ संध्याकाळ. बस, एवढेच. पण तोवर आमचा श्वास अडकला होता.

त्याच आठवड्यात दोघींनाही आपापल्या वर्गात तोच प्रश्न आला. "तुमच्याकडे नाताळ असतो का?" पाठोपाठ दुसरा, "पण तुम्ही तर मुसलमान ना?" आम्ही सांगितले, आम्ही नाताळ सण म्हणून करत नाही. पण हजरत ईसा अलैहिस्सलाम आमचेही पैगंबर आहेत, कुरआनात बीबी मरयमच्या नावाची एक अख्खी सूरह आहे, आणि त्यात त्यांच्या जन्माची कहाणी खजुराच्या झाडाखाली घडते. मुलांनी माना वर केल्या. गोठा आणि बर्फ त्यांना पाठ होते, खजुराचे झाड नवीन होते. मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी म्हणाली, "आजी नाताळला ईद अल-मीलाद म्हणते." मग फळ्यावर तीन शब्द लिहिले. फ्रेंच नोएल आणि आपला नाताळ हे दोन्ही जन्म या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून निघाले. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या तोंडून आला. मीलादचा अर्थही जन्मच.

पोर्तुगीज कुठून आले, म्हणून मग वसई सांगावी लागली. वसईवर त्यांचे 1739 पर्यंत राज्य होते, तिथले ख्रिस्ती शेतकरी आजही त्यांची स्वतःची बोली बोलतात, आणि आमच्या सोपाऱ्याला लागून असलेल्या गास गावातून दर नाताळला आमच्याकडे एक ताट येते. वर भरतकामाचा रुमाल, आत कलकल, नेवऱ्या, दोदोल आणि राजेळी केळ्यांची सुकेळी. ईदला तेच ताट आमच्याकडून शीरखुर्मा आणि सांदण घेऊन परत जाते. रिकामे ताट कधी परत करायचे नाही, ही रीत. मुलांना ही रीत फार आवडली. शिक्षिका म्हणाल्या, "जानेवारीत त्या ताटाचा फोटो दाखवा, त्यावर एक तास घेऊ."

नाताळची सुट्टी दोन आठवड्यांची. घरी जायचे आमच्या मनात नव्हते, कारण एका तिकिटाला एका महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे पडत होते. पण दादी फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारू लागली होती, "आज कोणता वार?" अम्मी फोन हातात घेऊन विषय बदलायची. दोन-तीनदा असे झाल्यावर आम्ही साठवलेले सगळे पैसे काढले आणि तिकिटे घेतली. बसने फ्रँकफर्ट, तिथून मुंबई. रात्री दीडला उतरलो. महामार्गावर ठिकठिकाणी नाताळचे तारे लटकले होते. गासच्या वळणावर एका घरापुढे गोठाही सजला होता, गवताचा, आत छोटा दिवा. फोटोची सुरुवात झाली, असे म्हणून आम्ही तो टिपलाही.

दादी जागीच होती. तिने आम्हाला ओळखले, मग थोड्या वेळाने विचारले, "पुण्याहून आलात?" आम्ही हो म्हणालो.

24 तारखेला अम्मीला विचारले, "ताट कधी येते, सकाळी की संध्याकाळी?" अम्मी कांदा चिरत होती. म्हणाली, "कसले ताट?" मग आठवल्यासारखे करून म्हणाली, "ते आता कुठे येते? बंदच झाले ना."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. चार वर्षे ताट आलेच नव्हते. 2020 ची ईद मे महिन्यात, टाळेबंदीत आली. बाहेर पडायची सोय नव्हती, आमच्याकडून ताट गेले नाही. त्या नाताळला त्यांच्याकडून आले नाही. पुढची ईद दुसऱ्या लाटेत गेली. त्यानंतर अम्मीला वाटले, आता त्यांनाच नको असेल. दिवस कसे आलेत, कोणाच्या मनात काय, आपण होऊन कशाला जा? आणि आम्ही? आम्ही पुण्यात शिकत होतो. नाताळात तिथेच असायचो, पण ईदला तर दर वर्षी घरी यायचो. शीरखुर्म्याच्या वाट्या आमच्यासमोर भरल्या जायच्या. त्यातली एक गासला गेली की नाही, हे एकदाही विचारले नाही. आणि स्ट्रासबर्गच्या वर्गात आम्ही मोठ्या अभिमानाने "दर नाताळला येते" असे वर्तमानकाळात सांगून आलो होतो.

मन खट्टू झाले. एकीचे म्हणणे, जुना फोटो शोधू, कोणाला कळणार आहे? दुसरी म्हणाली, मुलांना कळणार नाही, आपल्याला कळेल ना. शेवटी दादीपाशी बसलो. आजचा वार तिला आठवत नव्हता, पण गासच्या मावशींचे नाव काढताच ती म्हणाली, "त्यांचे ताट आपल्याकडेच आहे. काठाला पोचा आहे बघ." अम्मीने माळ्यावरून भांड्यांचे पोते काढले. स्टीलचे ताट, काठाला पोचा. 2019 च्या नाताळचे. पाच वर्षे आमच्याकडे पडून होते.

25 तारखेला दुपारी आम्ही दोघी आणि अम्मी रिक्षाने गासला गेलो. ताटात अम्मीने पहाटे उठून केलेले सांदण आणि स्ट्रासबर्गहून आणलेली ब्रेडेले, म्हणजे तिकडची नाताळची बिस्किटे. लोण्याची आहेत, दारू किंवा चरबी नाही, हे विचारूनच घेतली होती. मावशींच्या वाडीतली अर्धी झाडे गेली आहेत, शेजारी इमारत उभी राहिली आहे. एके काळी आमचे दादाजान टेम्पो चालवत आणि या वाडीतली भाजी दादरच्या बाजारात पोचवत. ताटांची सुरुवात तिथून झाली.

मावशी अंगणात बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या, ताट पाहिले, काठावरून बोट फिरवले. म्हणाल्या, "आम्हाला वाटले, तुम्हाला आता आमच्या घरचे चालत नसेल." अम्मी म्हणाली, "आणि आम्हाला वाटले, तुम्हाला नको असेल." पुढे थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मावशींनी सुनेला हाक मारली, फुगे आले, चहा आला, आणि दादीची चौकशी सुरू झाली. कोणीही माफी मागितली नाही. निघताना ताट पुन्हा भरले गेले. या वर्षी दोदोल नव्हता, कलकल बाजारातून आणलेले होते. "आता हात चालत नाहीत," मावशी म्हणाल्या. सुकेळी मात्र घरची होती.

दादीने संध्याकाळी एक सुकेळी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "आज नाताळ." वार कोणता, हे त्या दिवशी तिने विचारले नाही.

जानेवारीत वर्गात आम्ही फोटो दाखवले. गवताचा गोठा, पोचा पडलेले ताट, बाजारचे कलकल. आणि आधीचे सांगणे चुकले होते, हेही सांगितले. इंग्रजीच्या तासाला भूतकाळ आणि वर्तमानकाळ यांतला फरक याहून चांगला शिकवता आला नसता, असे शिक्षिका हसत म्हणाल्या. मागच्या बाकावरच्या एका तुर्की मुलाने विचारले, "चार वर्षांत कोणी फोन का केला नाही?" दोघींपैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. त्याला तेच सांगितले.

मार्चअखेर ईद आली. आम्ही स्ट्रासबर्गच्या मोठ्या मशिदीत नमाज पढलो, खोलीवर शेवया केल्या आणि वाटीभर शेवया अल्साशी बोली बोलणाऱ्या घरमालकीण आजींना दिल्या. वाटी दुसऱ्या दिवशी धुऊन रिकामी परत आली. त्यांना रीत माहीत नव्हती. आम्ही सांगितली. तिसऱ्या दिवशी दारात डब्यातून सफरचंदाचा केक आला.

त्याच दुपारी अम्मीने फोटो पाठवला. रुमालाने झाकलेले ताट, काठावरचा पोचा नीट दिसेल असे धरलेले, आणि मागे रिक्षात बसलेली दादी. या वेळी ती स्वतःच गासला निघाली होती.