एका वर्षाचा जमाखर्च

वर्ष सरत आले म्हणजे प्रत्येक गृहस्थ आपापल्या परीने हिशेब मांडतो. शेतकरी कापसाचा मांडतो, दुकानदार उधारीचा मांडतो आणि शाळा परीक्षेच्या निकालाचा मांडते. विद्यार्थ्याच्या हिशेबाची मात्र एकच वही लोकांस ठाऊक असते, आणि ती म्हणजे गुणपत्रिका. आमच्या शाळेतून पुढे शिकण्यास नागपुरास गेलेल्या मुलांचे पालक उन्हाळ्यात आम्हांस भेटतात व विचारतात, "सर, पोरगा वर्षभर कॉलेजात राहिला, इतका पैसा गेला, पदरात पडले काय?" हा प्रश्न कोणी कृतघ्नपणाचा मानू नये. ज्याने कापूस विकून फी भरली, त्यास तो विचारण्याचा पुरा अधिकार आहे. त्याचे उत्तर आम्ही आमच्याच महाविद्यालयीन आयुष्याच्या पहिल्या वर्षावरून देऊ इच्छितो.

१९९८ सालच्या पावसाळ्यात, मिशनने दिलेल्या शिष्यवृत्तीच्या आधाराने, आम्ही नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालयात दाखल झालो. सेमिनरी हिल्स या टेकडीवरील हे कॅथलिक महाविद्यालय १९५६ सालापासून विद्यादान करीत आहे. वरोऱ्याहून आम्ही आगगाडीने निघालो. वर्ध्याहून वरोऱ्यास आलेला हा लोहमार्ग मुळात आम्हां विद्यार्थ्यांकरिता आलेला नव्हे. येथील खाणीतला दगडी कोळसा वाहून नेण्याकरिता इंग्रज सरकारने तो एकोणिसाव्या शतकात घातला. ती खाण १९०६ साली बंद पडली. रूळ मात्र राहिले, आणि पुढे त्यांवरून विद्यार्थी जाऊ लागले. कोणी कोणत्या हेतूने केलेले श्रम कोणाच्या उपयोगी पडतील याचा नेम नसतो, हा पहिला धडा आम्हांस गाडीतच मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही.

महाविद्यालयातील पहिले महिने कठीण गेले. आमचे सारे शिक्षण मराठीतून झालेले, आणि इतिहासाचे व्याख्यान इंग्रजीतून चाले. कानी पडेल तो शब्द आम्ही देवनागरीत लिहून ठेवीत असू व सायंकाळी ग्रंथालयात कोश उघडून त्याचा अर्थ शोधीत असू. 'रेव्हेन्यू' हा शब्द पहिल्या आठवड्यातच दहा वेळा आला. कोशात पाहता कळले, की हा तर आमच्या आजोबांच्या तोंडचा शेतसारा! परके वाटणारे ज्ञान आपल्याच घरच्या गोष्टी सांगत आहे, असे त्या सायंकाळी प्रथम वाटले, आणि मनाला मोठा धीर आला.

परंतु आमची अडचण एका पायरीची होती. आमच्याच वसतिगृहात भामरागडाकडचा एक माडिया मुलगा राहत असे. त्याची अडचण दोन पायऱ्यांची होती, कारण मराठी हीसुद्धा त्याने शाळेत जाऊनच शिकलेली भाषा. त्याने एका जाड वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले होते. पहिल्यात त्याच्या घरचा शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. पहिल्याच ओळीत 'येर', 'पाणी', 'वॉटर' असे लिहिलेले होते. रात्री जेवणे झाल्यावर तो आम्हांकडून मराठी शब्दांचे बारकावे समजून घेई आणि आम्ही त्याच्याकडून चिकाटी शिकत असू. पुढे आम्हीही तशीच वही घातली, फक्त रकाने दोन.

दिवाळीच्या सुट्टीस तो गावी गेला तो परत आला नाही. घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला होता आणि धान कापावयास दुसरे हात नव्हते. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी त्यास दोनदा पत्रे धाडली. दुसऱ्या पत्राचे उत्तर आले, त्यात एवढेच होते, की माझी खाट दुसऱ्या कोणास द्यावी. तो आम्हांपेक्षा बुद्धीने कमी नव्हता आणि कष्टाने तर खचितच अधिक होता. आम्ही वार्षिक परीक्षेस बसलो व दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो; त्याने ती परीक्षा पाहिलीही नाही. त्या उन्हाळ्यात निकाल हाती घेऊन घरी येताना आम्हांस आनंद झाला, हे खरे. पण त्या आनंदात एक प्रश्न कायमचा शिरला, की हे वर्ष आम्हांस मिळाले व त्यास मिळाले नाही, ते कोणत्या न्यायाने? आमच्या पात्रतेने तर नव्हे. मग ते कोणी दिले?

या प्रश्नाचा शोध घेऊ लागलो म्हणजे जमेची बाजू लांबतच जाते. वडिलांचे श्रम व आईची काटकसर तर पहिल्या ओळीतच येतात. त्यामागे ज्यांस आम्ही कधी पाहिले नाही अशी माणसे उभी आहेत. ज्या संताचे नाव त्या महाविद्यालयास आहे, ते फ्रान्सिस १५६७ साली आल्प्स पर्वतानजीकच्या सेव्हॉय प्रांतात जन्मले. शाब्ले नामक मुलखात लोक त्यांचे प्रवचन ऐकावयास येईनात, तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदांवर उतरविले व ते कागद लोकांच्या दारांच्या फटींतून आत सरकविले. लोक येत नाहीत म्हणून त्यांनी रोष धरला नाही, आपण होऊन त्यांच्या उंबरठ्यापर्यंत गेले. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी मार्टिन नावाच्या एका मूकबधिर तरुणास खुणांच्या भाषेने धर्मशिक्षण दिले. १९२३ साली अकरावे पोप पायस यांनी त्यांस लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, ते यथायोग्यच होय.

त्यांचे नाव धारण करणारी मिशनरी संस्था १८३८ साली सेव्हॉयमधील आनसी येथे निघाली. तिचे पहिले मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणास आले, आणि त्याच मिशनच्या विस्तारातून १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला. त्या मिशनऱ्यांपैकी कित्येकांनी आपला मायदेश पुन्हा पाहिला नाही. आमच्या बाकाची किंमत आमच्या वडिलांनी भरली त्याच्या पुष्कळ आधी काही जणांनी ती आपल्या आयुष्याने भरली होती.

आणि याकरिता नागपुरापर्यंत तरी कशास जावे? आमच्या वरोऱ्यातच पाहावे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि गावाबाहेरच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे केले. ज्यांस समाजाने दूर लोटले होते, त्या कुष्ठरोगमुक्त बंधुभगिनींनी श्रम करून या परिसरातील मुलांकरिता महाविद्यालय उभारले. आनंद निकेतन महाविद्यालय १९६४ सालापासून चालू आहे, आणि येथील किती तरी घरांत पहिला पदवीधर त्याच इमारतीतून बाहेर पडला. शुभवर्तमानात प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांस बरे केल्याची कथा आहे. त्या दहांपैकी आभार मानण्यास एकच परत आला. वरोऱ्यात मात्र देणारे कुष्ठरोगमुक्त आणि घेणारे आपण. तेव्हा परत जाऊन आभार मानण्याची पाळी आज आपली आहे. दहांतला तो एक कोण, एवढेच ठरावयाचे आहे.

तर पालकहो, वर्षभरात पदरात काय पडले, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की पदरात एक ऋण पडले. हे ऐकून कोणी घाबरू नये. सावकाराचे ऋण माणसास वाकविते, हे ऋण त्यास उभे करते. आणि याची फेड मागे करता येत नाही. आनसीचे मिशनरी आता नाहीत, आमचे वडीलही नाहीत. ही फेड पुढेच करावी लागते. ज्याच्या दारापर्यंत शाळा पोचली नाही त्याच्या दारापर्यंत आपण जाऊनच ती होते. आपला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयातून सुट्टीस घरी आली म्हणजे गुण अवश्य विचारा. पण त्यासोबत हेही विचारा, की यंदा तू कोणास काही शिकविलेस काय? ज्या मुलाजवळ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याच्यावर खर्चलेला पैसा वाया गेला नाही असे खुशाल समजा.

आम्ही स्वतः शिक्षकाचा पेशा पत्करला तो या ऋणाच्या जाणिवेनेच. आमच्या वर्गात गोंड व कोलाम घरांतील मुलेही असतात. त्यांस आम्ही पहिल्या दिवशी तीन रकान्यांची वही घालावयास सांगतो, आणि पहिला रकाना त्यांच्या आईच्या भाषेचा असतो. यंदा सहावीच्या एका मुलीने अशी वही जानेवारीतच भरविली व दुसरी मागितली. आमच्या त्या जुन्या सोबत्याचे नाव तिला ठाऊक नाही, तरी त्याचे अर्धे राहिलेले वर्ष तिच्या हातून पुढे चालले आहे, असे आम्ही मानतो.

मुलांनो, सरत्या वर्षाबद्दल परमेश्वराचे आभार मानताना आपल्या नावावर जमा झालेली ही सारी माणसे आठवा, आणि नव्या वर्षी त्यांतील एखाद्याचे तरी देणे कोणा धाकट्याच्या हाती फेडा. तशी सद्बुद्धी तो दयाघन प्रभू आपणां सर्वांस देवो.